डोंग्याला विजेची मोटर लावायची आहे? मग आधी वजनकाटा आणा

मागच्या उन्हाळ्यात गोंदियाकडच्या इटियाडोह धरणाच्या पाण्यात, काठापासून चांगला दीड किलोमीटर आत, माझी नवीकोरी मोटर बंद पडली. मोटरीत बिघाड नव्हता. बॅटरी संपली होती. दुपारचा वारा सुटलेला, बांबू तळाला लागत नव्हता, आणि सोबत आणलेलं एकच वल्हं धिवर काकांच्या हातात. काकांनी काठापर्यंत वल्हवत आणलं आणि सगळ्या वाटेत एक शब्द काढला नाही. उतरल्यावर गमछाने तोंड पुसत म्हणाले, "मोटर मोठी आनली गा, पन तिच्या जेवनाचं का?"

त्या एका प्रश्नावर मी पुढचे सहा महिने घालवले. पहिली मोटर विकली, दुसरी घेतली, दोन बॅटऱ्या बदलल्या. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडच्या तलावांवर आता बरीच पोरं गळ घेऊन मरळीच्या मागे असतात. मोटर कोणती घेऊ, हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. तेच सगळं इथे लिहितोय.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करू. या विजेच्या मोटरींबद्दल, म्हणजे ट्रोलिंग मोटरींबद्दल, जे वाचायला-पाहायला मिळतं, ते बहुतेक अमेरिकेतल्या बास बोटींसाठी असतं. बास हा तिकडचा मासा. त्याची बोट सोळा ते एकवीस फुटांची, मागे मोठं पेट्रोल इंजिन, पुढे सपाट डेक. पेट्रोल इंजिनाने जागेवर पोचायचं, ते बंद करायचं आणि मग पुढची विजेची मोटर पाण्यात सोडून आवाज न करता झाडोऱ्याच्या कडेने सरकत गळ टाकायचा. म्हणजे तिकडे ही मोटर दुय्यम. पोचवायचं काम तिचं नाहीच. विजेची अशी मोटर १९३४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात बनली, ती मिन कोटा कंपनीची. तेव्हापासून तिचं मुख्य काम हेच, हळू आणि गुपचूप सरकणं.

आपल्या डोंग्याला मागे दुसरं इंजिन नसतं. जाणं, फिरणं, परत येणं, सगळं याच एका मोटरीवर. म्हणून बास बोटीचा सल्ला उचलून इथे लावला की माझ्यासारखं होतं. त्यांची एक गोष्ट मात्र आपल्याला तंतोतंत लागू पडते, ती म्हणजे गुपचूप सरकणं. मरळीला श्वासासाठी वर यावं लागतं. ती गवताच्या भोकातून तोंड काढते, बुडबुडा सोडते आणि जाते. तिथून पंधरा-वीस हातांवर गुपचूप थांबता आलं तर गळाला अर्थ आहे. वल्ह्याचा एक ठोका डोंग्याच्या काठाला लागला की खेळ संपला.

बाजारात जाण्याआधी हे जवळ ठेवा: मासे तोलायचा लटकता काटा (५० किलोपर्यंतचा), मोजपट्टी, मल्टिमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरमन मित्राकडून उसना चालेल), दहा-बारा मीटर जाड दोर, वही. कागदांचं पहिल्याच पायरीत सांगतो.

१. पाणी कोणाचं ते आधी विचारा

मोटर घरी आल्यावर परवानगीच्या मागे लागू नका. मोठ्या धरणांचं पाणी पाटबंधारे खात्याचं, पण मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गावच्या मामा तलावांचंही (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांचंही) तसंच, फक्त मालकी कुठे जिल्हा परिषदेची तर कुठे ग्रामपंचायतीची. संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना भेटा, गळाने मासेमारी करायची आहे आणि विजेची मोटर लावणार आहे हे सांगा, आणि परवानगी कागदावर घ्या. आधारची प्रत, फोटो आणि डोंगा कोणाचा आहे ते लिहिलेला अर्ज एवढ्यावर काम होतं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं पाणी, उदाहरणार्थ पेंचमधलं तोतलाडोह, सरळ विसरा. तिथे मासेमारीला बंदी आहे.

डोंग्याला यंत्र लागलं की तो कायद्याच्या नजरेत वल्ह्याचा डोंगा राहत नाही. देशात अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ चा आहे आणि यंत्रावर चालणाऱ्या नावांची नोंदणी त्यात येते. तुमच्या मापाच्या डोंग्याला काय लागू होतं, हे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे अर्ज करून लेखी उत्तरात घ्या. कोणी तोंडी "काही लागत नाही" म्हटलं तर ते ऐकून सोडून द्या.

आणखी एक, जे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडे करंट सोडून मासे मारणारे लोक आहेत. ते बेकायदा आहे, आणि संस्थेची माणसं त्यांच्यावर बरोबर नजर ठेवून असतात. आता तुम्ही पहाटे साडेपाचला डोंग्यात बॅटरी आणि दोन जाड वायरी घेऊन चाललात तर लांबून ते कसं दिसेल? माझ्यामागे एकदा पाळीवरून दोन पोरं धावत आली होती. काका सोबत होते म्हणून निभावलं. तेव्हापासून परवानगीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅटरीच्या खोक्यातच ठेवतो.

२. डोंगा तोला

मोटरीचा जोर पौंडात सांगतात. तीस पौंड, पंचेचाळीस पौंड, पंचावन्न पौंड. मोटर पाण्याला किती रेटते त्याचं हे माप, तिच्या वजनाचं नव्हे. किती जोर लागेल ते डोंग्याच्या भरल्या वजनावर ठरतं आणि ते वजन आपल्यापैकी कोणालाच माहीत नसतं. "असंन शंभरक किलो" हे उत्तर मी पाच जणांकडून पाच वेगळ्या डोंग्यांसाठी ऐकलंय.

फायबरचा किंवा पत्र्याचा डोंगा असेल तर तोलणं सोपं आहे. एक टोक विटेवर टेकवा, दुसरं टोक काट्याला लावून दोघांनी बांबूवर उचला, आकडा लिहा. मग टोकं बदला. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे डोंग्याचं वजन, जवळपास बरोबर. काटा ५० किलोचा आणि डोंगा जड असेल तर धान्याच्या गोदामातला मोठा काटा मागून आणा. लाकडी डोंगा तोलायचा असेल तर तो पाणी प्यायलेला असताना तोला. वाळलेल्या डोंग्याचा आकडा फसवतो.

माझा चौदा फुटी फायबरचा डोंगा ११० किलो भरला. आम्ही दोघं मिळून १३० किलो. बॅटरी ३०, मोटर १०, जाळं, बर्फाची पेटी, डबा, पाणी आणि नशीब असेल तर मासे मिळून ४०. एकूण ३२० किलो.

३. आता पौंडाचं गणित

जुना आणि साधा ठोकताळा असा: भरल्या वजनाच्या शेकडा दोन एवढा जोर लागतो. शंभर किलोला दोन किलो. म्हणजे माझ्या ३२० किलोला ६.४ किलो जोर पुरे, आणि एक पौंड म्हणजे ०.४५ किलो असल्यामुळे तो झाला साधारण १४ पौंड. चौदा! मी आधी आणली होती शहाऐंशी पौंडांची.

हा आकडा वारा नसलेल्या, गवत नसलेल्या पाण्याचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वारा सुटतो आणि मामा तलावांत गवत असतंच असतं. म्हणून तो सरळ दुप्पट करा, मोठ्या धरणावर जात असाल तर तिप्पट. माझं उत्तर आलं २८ ते ४२. मी ४५ पौंडांची घेतली आणि आजवर कमी पडली नाही. दोन माणसांच्या डोंग्याला ३० ते ५५ पौंडांच्या बाहेर जायची गरज मला तरी दिसलेली नाही. या पट्ट्यातल्या सगळ्या मोटरी १२ व्होल्टवर, म्हणजे एकाच बॅटरीवर चालतात. ७०-८० पौंडांना २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात, आणि शंभराच्या पुढे ३६ व्होल्ट. ती बास बोटींची दुनिया. तिथपर्यंत वाचून मीच बास म्हटलं.

मोठ्या मोटरीने डोंगा जोरात पळेल, हाही गैरसमज सोडा. या मोटरींचा पंखा हळू रेटण्यासाठी बनवलेला असतो. ४५ वाली काय आणि ५५ वाली काय, वेग माणसाच्या झपझप चालण्याएवढाच, ताशी पाच-सहा किलोमीटर. गोसीखुर्दच्या फुगवट्यात रोज आठ-दहा किलोमीटर जायचं-यायचं असेल तर ही मोटर तुमच्यासाठी नाही. तिथे लहानसं पेट्रोल इंजिनच बरं. पूर्ण जोरात चाललेली ४५ पौंडी मोटर जेमतेम ५४० वॅट खाते, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. हे ध्यानात असलं की अपेक्षा जागेवर राहतात.

४. मोटरीचं जेवण

इथे थांबून वाचा, कारण पैसे इथे बुडतात. बॅटरी, चार्जर, वायर आणि ब्रेकर मिळून खर्च मोटरीएवढा किंवा जास्त होतो. माझ्या दुसऱ्या वेळी जास्तच झाला.

पूर्ण जोरात मोटर किती अँपिअर ओढते ते तिच्या पत्रकात असतं. १२ व्होल्टच्या मोटरीत हा आकडा पौंडाच्या आसपासच असतो. ३० पौंडी साधारण ३० अँपिअर, ४५ पौंडी ४५, ५५ पौंडी पन्नासेक. ठोकताळा म्हणून पाठ करून ठेवा, पुढे दुकानात कामी येईल.

गाडीची बॅटरी लावू नका. मी लावली होती, चारचाकीची जुनी, घरी पडून होती म्हणून. ती स्टार्टरला क्षणभर भरपूर करंट द्यायला बनवलेली असते. तासभर सलग पाजायला लावली आणि दोन-चारदा पार रिकामी केली की पुन्हा उभी राहत नाही. इटियाडोहला मला दगा दिला तो हिनेच.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी चालते, पण १५० अँपिअर-तासाची बॅटरी पन्नास-साठ किलोची. म्हणजे डोंग्यात तिसरा माणूस बसवल्यासारखं. शिवाय तिच्यावरचा आकडा वीस तासांत सावकाश वापरण्याचा असतो. तासाभरात ओढून घेतली तर ती त्यातलं बरंच कमी देते. शिसे-आम्लाच्या सगळ्याच बॅटऱ्यांचा हा स्वभाव.

शिशाच्या बॅटरीत आपल्याकडे सगळ्यात सोयीची ई-रिक्षाची. तालुक्याच्या गावीही मिळते, दुरुस्ती करणारा मिळतो, आणि रोज रिकामी होऊन रोज भरण्यासाठीच ती बनवलेली असते. मात्र नवी घ्या. ई-रिक्षावाला जी काढून टाकतो, ती त्याला परवडेनाशी झाली म्हणूनच काढतो. स्वस्तात मिळते, आणि पाण्याच्या मधोमध तिची खरी किंमत कळते.

दुसरा रस्ता लिथियमचा. त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात एलएफपी म्हणतात, तीच घ्या. १०० अँपिअर-तासाची बॅटरी दहा-तेरा किलोची, एका हाताने उचलून पाळीवरून खाली नेता येते. हिशेब बघा:

शिशाची १०० अँपिअर-तास. अर्ध्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून वापरायच्या ५०. पूर्ण जोरात ४५ अँपिअरने कागदावर एक तास, प्रत्यक्षात पाऊण.

लिथियमची १०० अँपिअर-तास. ऐंशी बिनधास्त वापरा. पूर्ण जोरात पावणेदोन तास.

आणि अर्ध्या जोरावर, १५ अँपिअरच्या आसपास चालवली तर लिथियमवर पाच तासांच्या वर. पाण्याचा नियमच असा आहे की वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. उलटं धरा: थोडा वेग सोडला की बॅटरी भरपूर वाचते. परत येताना वारा समोरून असतो, म्हणून जाताना तिसरा हिस्सा वापरून झाला की वळायचं, हा माझा नियम.

लिथियम घेताना तीन ठिकाणी फसवणूक होते.

एक, आतला बीएमएस. बॅटरीला सांभाळणारं ते सर्किट सलग किती अँपिअर सोडू देतं ते विचारा. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ५० अँपिअरचा बीएमएस बसवून विकतात. गवतात पंखा अडकून मोटरीने थोडं जास्त ओढलं की सर्किट तोडतं आणि मोटर गप्प. निदान १०० अँपिअरचा बीएमएस मागा.

दोन, वजन. काटा सोबत आहेच, तिथल्या तिथे तोला. १०० अँपिअर-तासाची म्हणून दिलेली एलएफपी बॅटरी आठ किलोच्या आत भरली तर आत तेवढे सेल नाहीत.

तीन, व्होल्टमीटर. शिशाची बॅटरी शांत असताना १२.६-१२.७ दाखवते तेव्हा भरलेली आणि १२.१-१२.२ ला अर्धी, म्हणून तिचं पोट बाहेरून कळतं. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो. मोटरीच्या डोक्यावरचे दिवे सगळे हिरवे, आणि पाच मिनिटांत अंधार. अँपिअर मोजून उरलेलं सांगणारा शंट मीटर लावा. छोटीशी वस्तू आहे, पण नंतर घेऊ म्हणून टाळू नका.

चार्जर बॅटरीच्या जातीचाच हवा. लिथियमला १४.६ व्होल्टवर थांबणारा. घरच्या इन्व्हर्टरवर ट्यूब्युलरच्या सेटिंगला लावून भरू नका. १० अँपिअरच्या चार्जरने १०० ची बॅटरी भरायला दहा-अकरा तास लागतात. आमच्याकडे रात्री लाईन जाते तेव्हा हा हिशेब कोलमडतो, म्हणून मी २० अँपिअरचा घेतला. आणि उन्हातून तापून आलेली बॅटरी आल्या-आल्या चार्जिंगला लावायची नाही. सावलीत, फरशीवर तासभर निवू द्या.

५. कुठे लावायची आणि दांडा किती

बास बोटीला मोटर नाकावर लावतात. बैल पुढे जुंपला की बंडी सरळ जाते, मागून ढकलली तर भटकते, तसंच हे. नाकावरची मोटर डोंगा ओढते आणि वाऱ्यातही तोंड सरळ राहतं. पण नाकावरच्या खास मोटरी महाग, आणि त्यांना सपाट डेक हवा. आपल्या डोंग्याला मागे फळीवर कसायची साधी मोटरच बरी. ज्यांच्या मोटरीचं डोकं स्क्रू सोडून उलटं फिरवता येतं, त्यांना एक युक्ती: डोकं फिरवा आणि डोंगा मागच्या टोकाने पुढे न्या. फुकटात ओढणारी मोटर मिळाली.

दोन्ही टोकं निमुळती असलेल्या डोंग्याला कसायला जागाच नसते. मी सुताराकडून दोन इंच जाडीची सागाची फळी आडवी बसवून घेतली, आरपार बोल्ट, आतून मोठे वायसर. पत्र्याच्या डोंग्याला नुसत्या पत्र्यावर मोटर कसू नका. आतून जाड प्लायचा आधार द्या, नाहीतर पत्रा थरथरून फाटतो.

दांड्याचं माप डोंगा पाण्यात, माणसं-सामान भरलेलं असताना घ्यायचं. फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत किती इंच? माझे मागे १० आले. त्यात पंख्यासाठी १५-१६ इंच मिळवा, म्हणजे वरचं पातं पाण्याखाली वीतभर तरी राहतं. वर पकडीसाठी ४-५ इंच. तीस इंची दांडा पुरला. नाकावर मात्र तेच माप १८ आलं, म्हणजे सदतीस ते एकोणचाळीस इंच हवेत. मी पहिली तीस इंची मोटर नाकावर लावून पाहिली होती. लाट आली की पंखा हवेत भर्र करायचा आणि काका माझ्याकडे बघायचे.

फार लांब दांडाही नको. मे महिन्यात मामा तलावात कुठेकुठे दोन-अडीच फूटच पाणी उरतं, खाली गाळ. दांडा खालीवर सरकवायची कळ ढिली होत नाही ना, ते दुकानातच दहा वेळा करून बघा.

आणि दोरी बांधा. कसलेले स्क्रू थरथरीने सुटतात आणि मोटर बुडते. मोटरीच्या दांड्याला आणि डोंग्याला जोडणारी एक साधी नायलॉनची दोरी. बस.

६. हँडल, पायडल, जीपीएस

हाताच्या हँडलचीच घ्या. पायडल उभं राहून गळ टाकणाऱ्यासाठी असतं, आणि आपल्या अरुंद डोंग्यात उभं राहणं म्हणजे पोहण्याची तयारी. जीपीएसवाली मोटर वाऱ्यातही एका जागी स्वतःहून डोंगा धरून ठेवते. चीज भारी आहे, किंमतही तशीच. चार-पाच फूट पाण्यात दोन बांबू रोवले की तेच होतं.

एका गोष्टीवर मात्र पैसे टाका. वेगाची कळ दोन प्रकारची असते. पुढे पाच आणि मागे तीन असे ठरलेले टप्पे असलेली स्वस्त मोटर कमी टप्प्यावर उरलेली वीज उष्णतेत घालवते. हँडल पिळेल तसा वेग देणारी, पल्सवर चालणारी मोटर तेवढीच वीज घेते जेवढी लागते. मघाचा अर्ध्या जोरावर पाच तासांचा हिशेब या दुसऱ्या प्रकारच्याच मोटरीचा आहे. समुद्राच्या पाण्यासाठीचा खास लेप वगैरे असलेली मोटर दाखवली तर नको म्हणा. आपलं पाणी गोडं.

गवत कापत जाणाऱ्या पंख्याचं विचारा. जलपर्णी आणि बेशरमाच्या काड्यांमधून जायचं असेल तर मागे वळलेली दोन पाती असलेला पंखा गवत गुंडाळून घेत नाही. तीन पातींचा जरा सुरळीत रेटतो, पण मी तलावात दोनचाच वापरतो.

७. वायर आणि ब्रेकर

मोटरीसोबत येणारी वायर छोटी असते आणि बॅटरी दुसऱ्या टोकाला ठेवायची असते. ठेवायचीच, कारण माणूस, मोटर आणि बॅटरी एकाच टोकाला आली की दुसरं नाक आकाशात. मग घरगुती चार चौरस मिलिमीटरची वायर जोडून लांबवतात. चार मीटर जायला, चार यायला, ४५ अँपिअर. दीड व्होल्ट वायरीतच संपतो, वायर गरम होते, मोटर रडते. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या, हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. टोकांना दाबून बसवलेले लग हवेत. चिमटे नकोत.

बॅटरीच्या धन टोकाजवळ ५० किंवा ६० अँपिअरचा डीसी ब्रेकर लावा. घरचा एमसीबी लावू नका. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून एमसीबीतली ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते. गवतात पंखा गच्च अडकला तर हाच ब्रेकर मोटर वाचवतो.

बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात, तळापासून दोन इंच वर. डोंग्यात पाणी साचतंच.

८. पैसे देण्याआधी काट्याला लावा

पहिली मोटर मी ज्या दुकानातून घेतली, त्याने खोक्यावरचा "८६ पौंड, १२ व्होल्ट" हा आकडा बोट ठेवून दाखवला होता. मघाचा ठोकताळा आठवा. १२ व्होल्टवर ८६ पौंड खरंच असतील तर मोटर ऐंशीच्या घरात अँपिअर ओढेल. त्याच खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, जास्तीत जास्त ५२ अँपिअर. दोन्ही आकडे एकाच खोक्यावर, आणि मी एकच वाचला.

खरं कळलं ते पाळीवर. डोंगा पाण्यात, मोटर मागे, बॅटरी पूर्ण भरलेली. डोंग्याच्या टोकाचा दोर काठावरच्या बाभळीला बांधला, आणि दोर व झाड यांच्या मधे मासे तोलायचा काटा. पाणी कमरेएवढं तरी हवं. मोटर हळूहळू पूर्ण जोरावर नेली, दोर ताणला, काटा थरथरत वर गेला आणि थांबला. ८६ पौंडांना ३९ किलो यायला हवे होते. काका वाकून बघत म्हणाले, "बावीस." क्लॅम्प मीटरवर ५२ अँपिअर. म्हणजे ती अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास पौंडांची मोटर होती. वाईट नव्हती, पण मी पैसे ८६ चे दिले होते. दुकानदार म्हणाला, काटा खराब असेल. त्याच काट्यावर संस्था वर्षानुवर्षं मासे विकते.

म्हणून दुकानदाराशी आधीच ठरवा: आठ दिवसांत काट्यावर जोर कमी भरला तर परत घेणार, आणि हे बिलावर लिहून घ्या. ३० पौंडांना १३.६ किलो, ४५ ला २०.४, ५५ ला २५. एक-दोन किलो इकडे-तिकडे सोडून द्या. जीएसटीचं बिल, मोटरीवरचा सिरियल नंबर लिहिलेलं वॉरंटी कार्ड, आणि पंखा, पिन, कंट्रोल बोर्ड हे सुटे भाग नागपुरात किंवा कुरिअरने किती दिवसांत मिळतात याचं उत्तर घेतल्याशिवाय निघू नका. मोटर कितीही चांगली असो, तिचा पंखाच मिळत नसेल तर ती हंगामात घरी पडून राहते.

९. पहिल्या फेऱ्या

पहिले चार दिवस काठाच्या कडेकडेने. लाईफ जॅकेट अंगात, आणि वल्हं डोंग्यात, एक नाही, दोन. शंट मीटरवरचे आकडे वहीत लिहा: कोणत्या जोराला किती अँपिअर, या काठापासून त्या काठापर्यंत किती गेले. आठवड्यात तुमच्या डोंग्याचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ होईल, मग कोणाला विचारायची गरज नाही.

पाण्याखाली जुने बांध, खुंट, दगड असतात. पंखा आपटला तर मोटर तुटू नये म्हणून आतली छोटी पिन तुटते. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि डोंगा हलत नाही, तेव्हा समजा पिन गेली. दोन जादा पिना, एक नट आणि त्या मापाचा पाना फिल्मच्या जुन्या डबीत घालून मी खिशातच ठेवतो. पिन बदलायची तर आधी ब्रेकर खाली पाडा, मग पंख्याला हात.

आणि तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. आपल्या तलावांत तुटलेली जाळी आणि तंगूस तरंगतच असते. ती पंख्याच्या मागे दांड्यावर गुंडाळली जाते, बाहेरून दिसत नाही, फिरत फिरत सीलमध्ये घुसते आणि मोटरीत पाणी शिरतं. दर चार-पाच फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा हिरवी तंगूस वेटोळं करून बसली होती. काकांनी ती नखाने उलगडली, हाताने मोजली आणि खिशात टाकली. पावणेदोन हात, आणि जाळं त्यांचंच होतं.